परसूअण्णांचं केंदाळ

परसूअण्णांना ज्याची किळस येत नाही अशी वस्तू मला कधी सापडली नाही. हॉटेलातला काचेचा ग्लास, दुसऱ्याच्या फणीतले केस, गाडीच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसाचा मागं राहिलेला तेलकट डाग, चहावरची साय, पंगतीत वाढप्याचा अंगठा बुडालेली आमटी. यातलं काही समोर आलं की ते डोळे मिटत, नाकपुड्या आत ओढत आणि अगदी हलक्या आवाजात "शी" म्हणत. ओरडून म्हणाले असते तर समोरचा भांडला असता. त्या हलक्या 'शी'पुढं माणसाला स्वतःचीच लाज वाटायची. मी शाळामास्तरीण, दिवसभर पोरांची शेंबडी नाकं पुसणारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पदराच्या टोकाकडं बघून एकदा 'शी' म्हटलं आणि तेव्हापासून मी त्या कामाला वेगळा रुमाल ठेवू लागले.

रामनगरहून गोव्याला जाणारी सरकारी बस चालवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. म्हणजे सारी नोकरी घाटात. घाटातल्या बसमध्ये काय काय होतं हे मी सांगायला नको, ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे. इतक्या नाजूक नाकाच्या माणसानं हा धंदा कसा निभावला असेल, असं मी त्यांच्या जुन्या कंडक्टरला, मंजुनाथला, एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, अण्णांच्या सीटखाली राखेचं पोतं असायचं, फिनेलची बाटली असायची, स्वतःचा स्टीलचा पेला असायचा आणि गळ्यात नीलगिरीचं तेल लावलेला रुमाल. शिवाय एक नियम होता. ज्यानं ओकलं त्यानंच धुवायचं. घाटात एका वळणावर झरा आहे, तिथं गाडी उभी राहायची आणि सीट स्वच्छ झाल्याशिवाय हलायची नाही.

एकदा कुणा पुढाऱ्याचा मेहुणा ओकला. त्यानं धुवायला नकार दिला, मी कोण आहे ठाऊक आहे का, वगैरे ठरलेली भाषा सुरू केली. परसूअण्णांनी चावी काढून खिशात घातली, खाली उतरले आणि कठड्यावर जाऊन दरीकडं तोंड करून बसले. मागं गाड्या तुंबल्या, भोंगे वाजले, प्रवासी आधी अण्णांवर आणि मग मेहुण्यावर ओरडू लागले. शेवटी त्या मेहुण्यानं बाह्या वर करून सीट धुतली. परसूअण्णा आत आले, वाकून सीट बघितली आणि म्हणाले, "कोपऱ्यात ऱ्हायलंय." त्यानं कोपराही धुतला. यावर त्यांना वरून काहीतरी जाब विचारला गेला म्हणे, पण त्याची त्यांना कधी फिकीर वाटली नाही.

मी चाफेगाळीच्या मराठी शाळेत बदलून आले तेव्हा ते नुकते निवृत्त झाले होते. त्यांच्या घराला लागून असलेली खोली मी भाड्यानं घेतली. त्यांची बायको, लक्ष्मीअक्का, फार कमी बोलणाऱ्या. घर असं लखलखीत ठेवायच्या की पाय ठेवायला भीती वाटावी. गावात मिराश्यांच्या, म्हणजे परसूअण्णांच्या, घरचं पाणी म्हणजे डोळे झाकून प्यावं, अशी ख्याती होती. लग्नकार्यात पाण्याच्या पिंपावर माणूस बसवायचा झाला तर परसूअण्णांनाच बसवत. गावानं त्यांना दिलेला हा मोठा मान होता आणि तो त्यांना फार आवडायचा, हे मी बघितलेलं आहे.

आता त्या तळ्याचं सांगते, कारण परसूअण्णा म्हटलं की मला आधी त्याचा वासच आठवतो.

गावाच्या खालच्या अंगाला देवतळं आहे. मी आले त्या दिवशी मला ते भाताचं शेत वाटलं. काठापासून काठापर्यंत हिरवंगार, फुगीर देठांची जाड पानं, मधूनमधून जांभळे तुरे. सोबतच्या बाईला मी म्हटलंसुद्धा, काय छान पीक आलंय. ती म्हणाली, ते तळं आहे आणि ते केंदाळ आहे. कुठं त्याला जलपर्णी म्हणतात, आमच्या कन्नड शिक्षिका अंतरगंगे म्हणायच्या. नाव कितीही गोड ठेवलं तरी वस्तू एकच. खाली पाण्याला उजेड नाही, हवा नाही. काठी घालून ते आवरण बाजूला केलं की काळं पाणी, त्यावर तेलासारखी साय, आणि असा वास की दुपारी शाळेत जेवायला बसलेली पोरं एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं भात खायची. गुरं त्या पाण्याला तोंड लावेनात. डासांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि अशा या तळ्यावर बोटिंग होतं. पंचायतीनं तळ्याचा एक काठ बाहेरून आलेल्या रिसॉर्टवाल्याला दिला होता. त्यानं पायानं चालवायच्या हंसाच्या आकाराच्या बोटी आणल्या, लाकडी धक्का बांधला, स्पीकर लावले. शनिवार-रविवार गाड्या भरून माणसं यायची. केंदाळ फुललं की धक्क्यावर उभं राहून फोटो काढायची, त्यातच बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं फेकायची आणि जाताना किती निसर्ग आहे इथं, असं म्हणून जायची. सुरुवातीला मालकाला केंदाळ आवडायचं. पाहुण्यांना जांभळा रंग पाहिजे असतो, असं तो मला एकदा म्हणाला होता. मग बोटी अडकू लागल्या, पाहुणे इंटरनेटवर वासाबद्दल लिहू लागले, तेव्हा कुठं त्याला ते घाण दिसू लागलं. मला त्या माणसाचा राग येतो असं म्हणणं सौम्य होईल.

हे केंदाळ आलं कुठून, हे तेव्हा गावात कुणालाही विचारावं, अभिमानानं सांगत. आमच्या भागात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, कंद, वेली बांधतात. ती माटोळी. घरातल्या प्रत्येक बाप्यानं तिच्यासाठी काहीतरी आणायचं असतं आणि जे कुणी कधी पाहिलं नाही ते आणणाऱ्याचा तोरा काही औरच असतो. कोण दिग्गीकडच्या रानात चार दिवस भटकून कसलंसं फळ आणतो, कोण कड्यावरून वेल उतरवतो. परसूअण्णा नोकरीपायी कायम रस्त्यावर. भाऊबंद त्यांना दरवर्षी चिडवत, तू काय आणणार, टायर बांधणार काय माटोळीला? एका वर्षी ते गोव्याहून येताना ड्रायव्हर सीटजवळ बादली ठेवून आले. बादलीत हे रोप, मुळासकट, फुलासकट. जांभळ्या पाकळ्या आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. माटोळीला ते मधोमध बांधलं. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं बघायला आली. त्या वर्षी परसूअण्णांना कुणी टायर म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी माटोळीची फळं वाटली आणि पाला-फुलं गणपतीबरोबर देवतळ्यात सोडली. पुढच्या चतुर्थीला पायऱ्यांपाशी त्याचा हिरवा पुंजका तरंगत होता, वर फुलं. बायकांनी हात जोडले. गणपतीनं ठेवून घेतलं, असं सगळ्यांचं मत पडलं. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी आरतीचं ताट ओवाळलं. काढायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं त्यांनी ते गिळलं. परसूअण्णांनीही हात जोडले होते, हे ते स्वतःच सांगत. नंतरच्या वर्षी पुंजका पायऱ्या ओलांडून गेला, मग कोपरा भरला, मग तळं. देवाचं म्हणून वाढू दिलेल्या त्या घाणीवर दर चतुर्थीला कुंकू पडत राहिलं. मला हे सगळं हसत हसत सांगितलं जायचं आणि मी ऐकताना दात आवळून बसायची.

नोकरीत असताना परसूअण्णांचा मुक्काम बहुतेक बाहेरच. निवृत्त होऊन ते पहिल्यांदा सलग गावात राहिले आणि रोज सकाळी त्यांना तळं दिसू लागलं. त्यांनी आधी कुणाला काही सांगितलं नाही. एक दिवस गळ्यात तो नीलगिरीचा रुमाल बांधून, अर्धी विजार घालून ते पाण्यात उतरले. मी शाळेच्या वऱ्हांड्यातून बघितलं. काळ्या चिखलात मांडीपर्यंत गेलेला तो माणूस एकेक रोप उपटत होता, डोळे मिटत होता, 'शी' म्हणत होता आणि काठावर फेकत होता. मध्येच बाजूला होऊन ओकला. ज्यानं ओकलं त्यानं धुवावं या नियमानं ती जागाही त्यांनी धुतली आणि परत उतरले.

ते रोज जायला लागले. मी एकदा विचारलं की एवढी किळस येते तर माणसं लावून का काढत नाही. ते म्हणाले, "माणसं येत न्हाईत, बाई. देवाचं हाय म्हणतात." आणि हे खरंच होतं. त्यांनी देवळात सगळ्यांसमोर सांगून बघितलं, की हे मी आणलं, माझी चूक झाली, आता चला, मिळून काढूया. माणसं त्यांची समजूत घालू लागली. तुझी कसली चूक, अण्णा, तू देवाला वाहिलंस, देवानं घेतलं. एका म्हाताऱ्यानं तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग गुरवानं गावदेवीला कौल लावला. मूर्तीला फुलं चिकटवतात आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं त्यावरून देवीची आज्ञा समजतात. फूल डावीकडचं पडलं. म्हणजे काढायला देवीची मनाई. परसूअण्णा घरी येऊन ओट्यावर बसले. त्या दिवशी त्यांना सगळ्यात जास्त किळस कशाची आली असेल तर त्या पाठीवरून फिरलेल्या हाताची, असं मला वाटतं.

एकट्यानं उपसून ते काय संपणार? आज काढलेली जागा पंधरवड्यात भरून यायची. आणि इतरांनी काढलं तर त्यात शहाणपण नाही. एकदा रिसॉर्टनं स्वच्छता मोहीम म्हणून टीशर्ट वाटले, पाहुण्यांनी तासभर केंदाळ ओढलं, ढीग पाण्याच्या कडेलाच रचले, त्यापुढं उभं राहून फोटो काढले आणि निघून गेले. पहिल्या सरीत ते ढीग जसेच्या तसे पाण्यात परतले आणि चार दिवसांत ताजेतवाने झाले. परसूअण्णा तेव्हा धक्क्यावर उभे राहून ओरडत होते की मुळं वर करून टाका, पाण्यापासून लांब न्या, उन्हात वाळू द्या. त्यांना कुणीतरी टीशर्ट देऊ केला.

मग मालकानं फवारणी आणली. आधी एका कोपऱ्यात करून बघू, म्हणाला. मारली. पानं तपकिरी झाली, मग काळी, मग सगळं कुजून तळाशी बसलं. त्या कोपऱ्यातलं पाणी काढ्यासारखं झालं आणि मरळ मासे पोटं वर करून तरंगू लागले. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. शाळा आठवडाभर दुपारीच सोडावी लागली. मालक मात्र खूश. पाणी मोकळं दिसतंय ना, म्हणाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अख्ख्या तळ्यावर मारायची, असं त्यानं पंचायतीकडून ठरवून घेतलं. तळ्याखाली गावाची भातशेती आहे, गुरं आहेत, सगळ्यांच्या विहिरींना पाझर त्याच तळ्याचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी देवाचं म्हणून हातानं काढायचं नाही आणि मालक मारणार म्हणून विषाला हरकत घ्यायची नाही, असा गावाचा कारभार. परसूअण्णांनी पंचायतीत मुदत मागितली. पाऊस लागायच्या आत हातानं काढून देतो, तोवर फवारू नका. सगळे हसले नाहीत, पण हसल्यासारखेच दिसले. एकटा म्हातारा काय काढणार?

त्यानंतर त्यांनी गावाची बैठक बोलवायला लावली. देवळासमोरच्या मांडवात एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मी बायांच्या कडेला. लक्ष्मीअक्का माझ्या शेजारी. परसूअण्णा उभे राहिले. पांढरा शर्ट, घडी मोडलेली नाही, गळ्यात रुमाल.

"हे फूल मी गोव्याहून आणलं ते सगळ्यांना ठाव हाय," ते म्हणाले. "गोव्यात कुठनं आणलं ते आजपतोर कुणी इचारलं न्हाई, आणि मी बी सांगितलं न्हाई. आता सांगतो. तिथं स्टँडामागं संडास हाईत. तेंचं पाणी जातंय ती गटार. त्या गटारीत हे वाढलं हुतं. फूल चांगलं दिसलं, हात घालून काढलं, बादलीत टाकलं. तेच देवाच्या डोस्क्यावर बांधलं. त्येलाच तुम्ही कुंकू लावताय."

माझ्या पुढं बसलेली एक बाई, जी दर चतुर्थीला पायऱ्यांवर हळदकुंकू घेऊन पहिली जायची, तिनं आपला उजवा हात पदराला पुसला. पुसला, परत पुसला, आणि मग उठून मांडवाबाहेर जाऊन थुंकली. तिच्यामागं आणखी दोघी. गुरव उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. परसूअण्णांच्या शेजारचा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ नागेश हळूच सरकून लांब बसला. किळस कशी पसरते ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. एकेका चेहऱ्यावर तीच नाकपुडी आत ओढलेली. कुणीतरी मागून म्हणालं, "मिराश्यांच्या घरातनं असलं व्हावं?" लक्ष्मीअक्का मान खाली घालून जमिनीकडं बघत होत्या. मी त्यांचा हात धरला.

गुरवानं सांगितलं, तळं बाटलं. त्यातली सगळी घाण काढून, शुद्धी करून, मगच यंदाचा गणपती तिथं बोळवायचा. कौल पुन्हा लावायची गरज त्याला भासली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अख्खं गाव तळ्यावर. तोंडाला फडकी बांधून, कोयते, दोरखंड, बांबू घेऊन. ज्यांना वर्षानुवर्षं देवाच्या भीतीनं हात लावता आला नव्हता, ते आता असे तुटून पडले की मला हसावं का रडावं कळेना. परसूअण्णांनी कामाची पद्धत सांगितली. बांबू बांधून लांब आडवी फळी करायची, दोन्ही काठांवरून माणसांनी दोरानं ओढायची, केंदाळ एका कोपऱ्यात रेटत आणायचं, मग टोपल्यांनी उचलून पार वरच्या माळावर न्यायचं आणि मुळं आभाळाकडं करून पसरायचं. फुलं आलेलं आधी. दगडांच्या कपारीत तुकडा ठेवायचा नाही. लोक त्यांचं सगळं ऐकत होते, फक्त त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी टोपली पुढं केली तर समोरचा हातात घेत नसे, खाली ठेवायला लावी आणि मग उचले. परसूअण्णा मुकाट्यानं खाली ठेवायचे.

सारा उन्हाळा हे चाललं. माळावर वाळलेल्या केंदाळाचे करडे ढीग झाले आणि त्याखालून निघालेलं पाणी आधी काळं, मग तांबूस, मग एका सकाळी आभाळ दिसेल इतकं बरं झालं. पाऊस लागायच्या आधी तळं मोकळं होतं. फवारणीचे डबे मालकाच्या शेडमध्ये तसेच पडून राहिले. मालकानं वरून उडणारा कॅमेरा आणून तळ्याचा व्हिडिओ काढला आणि आमचं स्वच्छ तळं म्हणून जगाला दाखवला. त्यात परसूअण्णा एका जागी ठिपक्याएवढे दिसतात. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला.

तळं स्वच्छ झालं आणि मिराश्यांचं घर घाण झालं. त्यांच्या घरचं पाणी कुणी पिईना. येणारा माणूस ओट्यावरूनच बोलून जाई, आत बोलावलं तर आत्ताच जेवून आलोय म्हणे. लक्ष्मीअक्कांना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. लग्नात पाण्याच्या पिंपावर दुसरा माणूस बसला. चतुर्थी जवळ आली तेव्हा नागेशनं येऊन सांगितलं की गणपती यंदापासून त्याच्याकडं, आणि माटोळीसाठी अण्णानं काही आणू नये. आत येऊ नये असं तो तोंडानं म्हणाला नाही. हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मला त्या गावाची अशी शिसारी आली की मी बदलीचा अर्ज त्याच आठवड्यात केला.

मध्येच एकदा रामनगरच्या स्टँडवर मंजुनाथ भेटला. मी त्याला सगळा प्रकार रागारागानं सांगितला. गटार हा शब्द ऐकल्यावर तो हसायलाच लागला. अण्णा आणि गटार, बाई, तुम्ही पण कशावर विश्वास ठेवता, म्हणाला. मग त्यानं सांगितलं की तो स्वतः तिथं हजर होता. गोव्यात एका म्हातारीच्या अंगणात, तुळशीसमोर दगडी कुंड होतं, त्यात हे फूल. गणपतीसाठी पाहिजे म्हटल्यावर म्हातारीनं आनंदानं दिलं. अण्णांनी ते तिच्या विहिरीवर धुतलं, घाटातल्या झऱ्यावर गाडी थांबवून परत धुतलं. प्रवासी वैतागले, तेव्हा अण्णा म्हणाले, देवाचं आहे, थांबा.

मी तशीच तडक आले. परसूअण्णा मागच्या अंगणात दोरखंड वाळत घालत होते, लक्ष्मीअक्का चुलीपाशी. मी म्हटलं, खोटं का बोललात? मंजुनाथनं सगळं सांगितलंय, मी आज देवळात जाऊन सांगणार. त्यांनी दोर खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले.

"न्हाई सांगायचं," ते म्हणाले. "खरं कळलं की पुन्यांदा देवाचं हुतंय ते. एक कोंब वर आला की कुंकू घिऊन येतील. बियाणं चिखलात लई वर्सं जगतंय, बाई. तवर मी घाणेरडा ऱ्हायलेलाच बरा."

मी म्हटलं, आणि अक्कांचं काय? त्यांना तरी ठाऊक आहे का?

लक्ष्मीअक्का चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाल्या, "घरात आल्यावर पुन्यांदा मीच धुतलं न्हवं का ते." आणि त्यांनी माझ्यापुढं पाणी ठेवलं. मी ते प्यायले. त्या घरचं पाणी गावात तेव्हा मी एकटीच पीत होते.

म्हणून गावाचं आणि त्या दोघांचं नाव मी इथं बदलून लिहिलं आहे. त्या भागात चाफेगाळी म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही.

माझी बदली चतुर्थीच्या सुमारास झाली. सामान टेम्पोतून पुढं गेलं आणि मी विसर्जनाच्या दिवशी बसची वाट बघत वरच्या रस्त्यावर उभी होते. तिथून तळं सगळं दिसतं. खाली ढोल वाजत होते. नागेश गणपती घेऊन पायऱ्या उतरला, मागं सगळं गाव. गणपती बोळवला, माटोळीची पाला-फुलं सोडली, आरती झाली आणि माणसं वळून वर येऊ लागली. पलीकडच्या काठाला रिसॉर्टच्या बोटीत पाहुणे होते, ते व्हिडिओ काढत होते.

परसूअण्णा त्या सगळ्यांपासून लांब, कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पाला वाऱ्यानं त्यांच्याकडं येत होता. ते एकेक पान, एकेक फूल उचलत, उलटं करून बघत आणि काठावर टाकत. बोटीतून कुणीतरी ओरडलं, "अंकल, जरा साइडला, फोटोत येताय." ते बाजूला झाले. पाला त्या बाजूलाही होताच. काठावर लक्ष्मीअक्का पदर खोचून टोपली घेऊन उभ्या होत्या. परतणाऱ्या माणसांनी त्यांच्यापासून अंतर ठेवून वाट काढली.

बस आली. मी चढता चढता मागं बघितलं. परसूअण्णांनी काहीतरी हिरवं वर धरलं, मूळ आहे का ते निरखून बघितलं आणि लक्ष्मीअक्कांकडं फेकलं. अक्कांनी ते झेललं.